ब्रेक सोडायला शिकलो

दुपारची भांडी आवरली असतील, पाय पसरून रेडिओ लावला असेल, तर जरा आवाज वाढवा. एरवी आम्ही इथे बसून गटाच्या बैठका, कर्जाचे हप्ते, मसाल्याचं पॅकिंग असलं काही सांगतो. आज सांगणार आहोत कॉम्प्युटरवरच्या मोटारींच्या गेमबद्दल. हसा, हसा. आमच्या घरच्यांनीही पोटभर हसून घेतलंय.

आमचा गट जुन्नर तालुक्यातला, बारा जणींचा. तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून आम्ही एक जुना पिकअप घेतला. दर शनिवारी पहाटे भाजी भरायची, माळशेज घाट उतरायचा आणि कल्याणला सोसायट्यांच्या दारात नेऊन विकायची, असा आमचा धंदा. दलाल नाही, आडत नाही. गाडी चालवतात आमच्यातल्याच एक ताई. त्यांचं नाव सांगायचं नाही असं त्यांनी बजावलंय, म्हणून आपण त्यांना गाडीवाल्या ताई म्हणू.

मध्येच एक सांगतो, कारण बायका आम्हाला हे नेहमी विचारतात. मोटार चालवायचा साधा, हलक्या वाहनाचा परवाना असेल तर मालाचा पिकअप चालवता येतो का? येतो. मालासकट गाडीचं एकूण वजन ७,५०० किलोच्या आत धरलेलं असेल तर चालतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे सांगितलं होतं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तेच कायम केलं. वेगळा परवाना लागतो असं कोणी दरडावून सांगितलं तर हे लक्षात असू द्या.

तर गेल्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट. घाट अजून लागायचा होता. पाऊस नुकताच थांबलेला, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल. एका वळणावर समोर शेरडं आली. ताईंनी ब्रेक दाबला, स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, आणि गाडी सरळ गेली. डावीकडे नाही, सरळ. रस्ता सोडून चरात. शेरडं वाचली, ताईंच्या गुडघ्याला मुका मार बसला, शेजारी बसलेल्या काकूंच्या बांगड्या फुटल्या. बावीस क्रेट टोमॅटोंचा मात्र चिखल झाला.

पुढचं तुम्हाला सांगायला नको. पारावर, गिरणीत, लग्नात, सगळीकडे एकच वाक्य: बायकांच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय होणार. ताईंच्या घरी कोणी काही बोललं नाही, पण पिकअपची किल्ली जी खुंटीला लागली ती तिथेच राहिली. बैठकीत विषय निघाला की आता पगारी ड्रायव्हर ठेवायचा. हिशेब केला. त्याची मजुरी, त्याचं जेवण, मुक्काम धरला तर हप्ता भरून आमच्या हातात काहीच उरत नव्हतं. तरी पाच जणींनी ड्रायव्हरच्या बाजूने हात वर केला. खोटं कशाला बोला, आज जी बोलतेय तीही त्या पाचांत होती. ताई खाली मान घालून सतरंजीचा धागा ओढत बसल्या होत्या. शेवटी निर्णय दोन महिने पुढे ढकलला. तोवर ओळखीतल्या एका ड्रायव्हरला शनिवारपुरतं बोलवायचं ठरलं.

त्या दिवशी ताई एकच वाक्य बोलल्या. म्हणाल्या, "मी स्टिअरिंग फिरवलं होतं गं. पूर्ण फिरवलं होतं. गाडी का वळली नाही, एवढं कोणी सांगा."

बारा जणींपैकी कोणालाच सांगता आलं नाही. ज्यांनी त्यांना गाडी शिकवली त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, पावसात जोरात ब्रेक मारायचा नसतो, एवढं ध्यानात ठेवा. पण शेरडं समोर आल्यावर काय मारायचं मग, हॉर्न? शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. आपण चुकायच्या आधीच तो दाबला जातो. म्हणजे चुकल्यावर गाडी काय करते हे आपल्याला कधी दिसतच नाही. परवाना मिळतो, आणि पहिली चूक होते ती थेट खऱ्या रस्त्यावर, आपल्या क्रेटांसकट.

उत्तर मिळालं ते आमच्या सचिवबाईंच्या मुलाकडून. पोरगं डिप्लोमा करून घरी आलेलं, नोकरी शोधतंय. दिवसभर खोलीत घुर्र घुर्र आवाज. सचिवबाई त्याच्यावर जाम वैतागलेल्या. त्याच्याकडे कोणाकडून तरी जुनं घेतलेलं कॉम्प्युटरचं स्टिअरिंग होतं, लॉजिटेक कंपनीचं, खाली तीन पेडलं. क्लच, ब्रेक, अॅक्सिलरेटर. ताईंची गोष्ट त्याने ऐकली आणि म्हणाला, "मावशी, चाकं जाम झाली असणार. या, दाखवतो."

गेमचं नाव असेट्टो कोर्सा. इटलीतल्या कुनोस सिमुलाझिओनी नावाच्या कंपनीने २०१४ मध्ये काढलेला. यात नाणी गोळा करायची नाहीत, कोणाला ठोकून गुण मिळवायचे नाहीत. खरी गाडी कशी वागते तेच दाखवायचा यातला सगळा खटाटोप. ते टेबलावरचं स्टिअरिंगही नुसतं फिरत नाही. त्यात मोटर असते, ती हाताला ओढ देते. चाकाखाली काय चाललंय ते तळहाताला कळतं.

पहिल्या दिवशी आम्ही सात जणी गेलो. पडद्यावर छोटी अबार्थ ५०० ही गाडी आणि माजोने नावाचा इटलीतला अडीच किलोमीटरचा सपाट ट्रॅक. काकू म्हणाल्या, "अगंबाई, ड्रायव्हर क्लीनरच्या जागेवर बसलाय." तिकडे स्टिअरिंग डाव्या बाजूला असतं, त्याची सवय व्हायला एक दुपार गेली.

सुरुवातीला पोराने सगळ्या मदती चालू ठेवल्या होत्या. गेममध्ये मदती म्हणजे काय ते सांगतो. रस्त्यावर एक रंगीत पट्टी दिसते. हिरवी असेल तर जा, लाल झाली की ब्रेक दाबा. गिअर आपोआप पडतात. ब्रेक कितीही दाबला तरी चाकं जाम होत नाहीत, ते एबीएस. अॅक्सिलरेटर जास्त दाबला तर चाकं जागच्या जागी फिरू नयेत म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल. आणि गाडी आडवी व्हायला लागली की तिला सावरणारं स्टॅबिलिटी कंट्रोल. हे सगळं चालू असताना आम्ही सातही जणी भन्नाट गाडी चालवली. कोणीही कुठे आदळलं नाही. आम्हाला वाटलं, यात काय आहे? उगाच घाबरत होतो.

मग त्याने पहिली ती रंगीत पट्टी बंद केली.

मैत्रिणींनो, आम्हाला पहिलं वळणच सापडेना. दहा फेऱ्या मारल्या होत्या त्या ट्रॅकवर, पण रस्ता कोणी पाहिलाच नव्हता. आम्ही पट्टी पाहत होतो. गाडी सरळ गवतात. दुसरी बसली, तीही गवतात. तो दिवस नुसतं बघायला शिकण्यात गेला. बॉनेटच्या पुढे पाहायचं नाही, वळण जिथे संपतं तिथे पाहायचं. नजर जिथे जाते तिथे हात आपोआप जातात. खड्डा चुकवायचा असेल तर खड्ड्याकडे टक लावायची नाही, मोकळ्या रस्त्याकडे पाहायचं. डोक्यावर हंडा घेऊन बांधावरून चालताना आपण पायाकडे बघतो का? तसंच.

दुसऱ्या आठवड्यात एबीएस. या गेममध्ये त्याला तीन पर्याय आहेत. चालू, बंद आणि फॅक्टरी. फॅक्टरी म्हणजे ती गाडी कारखान्यातून जशी निघाली तशी, तिच्यात मुळात जे असेल तेवढंच. पोराने विचारलं, "आपल्या पिकअपमध्ये काय आहे?" आमच्या जुन्या पिकअपमध्ये काही नाही. नव्या मोटारींना आपल्याकडे २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, पण आम्ही घेतली ती जुनी. मग त्याने ते बंद केलं. वर रस्ताही सगळ्यात निसरडा केला. या गेममध्ये पाऊस पाडता येत नाही, पण रस्त्याची पकड कमी करता येते, त्याला डस्टी म्हणतात. धुळीचा रस्ता.

आणि गाडीवाल्या ताईंना बसवलं. त्या तोवर नुसत्या बघत होत्या, खुर्चीवर बसल्या नव्हत्या. ऐंशीचा वेग, पुढे डावं वळण. त्यांनी सवयीने ब्रेक दाबला, पूर्ण. कर्रर्र आवाज झाला, त्यांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि गाडी सरळ गेली.

ताईंनी दोन्ही पाय उचलून घेतले. हात स्टिअरिंगवर तसेच. म्हणाल्या, "अस्संच झालं होतं. स्टिअरिंग हलकं लागलं होतं. भाकरी थापताना पीठ एकदम सैल लागतं ना, तसं."

खोलीत कोणी काही बोललं नाही. ज्यांनी हात वर केले होते त्या तर नाहीच नाही.

मग पोराने समजावलं, आणि तो आमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असला तरी सांगायला हवं, त्याने फार चांगलं समजावलं. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग केवढा, तर आपल्या तळहाताएवढा. गाडीची सगळी पकड त्या चार तळहातांवर. ती पकड ठरलेली असते. आमच्या सचिवबाई म्हणाल्या, म्हणजे गटाच्या पेटीसारखी. पेटीत शंभर रुपये आहेत. शंभरही रुपये ब्रेकला दिले तर वळायला किती उरले? काही नाही. सत्तर ब्रेकला दिले तर थोडे वळायला उरतात. आणि चाक जाम झालं म्हणजे तर पेटीच फुटली. फिरणारं चाक वळतं. जाम झालेलं चाक नुसतं घसरतं, त्याचं तोंड कुठेही असलं तरी गाडी आधी जिकडे चालली होती तिकडेच जाते.

एबीएस काय करतं? चाक जाम होतंय असं दिसलं की ब्रेक क्षणभर सोडतं, पुन्हा दाबतं, पुन्हा सोडतं. एका सेकंदात कितीतरी वेळा. चालवणाऱ्याला पायाखाली थरथर जाणवते, बाकी काही कळत नाही. ज्या गाडीत ते नाही तिथे हे काम आपल्या पायाला करावं लागतं. म्हणजे ताईंनी त्या दिवशी काय करायला हवं होतं? ब्रेक सोडायला हवा होता. थोडासा, अर्धा क्षण. चाकं फिरली असती, गाडी वळली असती.

ऐकायला सोपं आहे. करून बघा. समोर संकट असताना पाय उचलायचा हे अंगाच्या विरुद्ध आहे. भीती वाटली की पाय आणखी दाबला जातो. आम्ही ते एकच काम किती दिवस केलं विचारू नका. ऐंशीचा वेग, ठरलेल्या खुणेपाशी ब्रेक, आवाज ऐकायचा. टायर कण्हायला लागला की तो उंबरठा. किंचाळला की उंबरठा ओलांडला, पाय थोडा उचला. चपला काढून, अनवाणी. पायाच्या चवड्याला कळलं पाहिजे. शेजारच्या सासूबाई खिडकीतून विचारायच्या, "काय गं, रोज रोज कोण रडतंय?"

सगळ्यात आधी कोणाला जमलं सांगू? काकूंना, ज्यांच्या बांगड्या फुटल्या होत्या. वय बावन्न. शिलाई मशीन चालवून चालवून पायाचा अंदाज पक्का झालेला. जिथे कापड जाड लागतं तिथे पाय आपोआप हलका होतो, म्हणाल्या. आमच्यातल्या दोघी बीए झालेल्या, त्यांना मात्र सगळ्यात उशिरा जमलं.

वजनाची गोष्टही तेव्हाच कळली. डोक्यावर भरलेली पाटी घेऊन चालताना एकदम थांबलात तर पाटी पुढे जाते. गाडीचं तसंच. ब्रेक दाबला की सगळं वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं हलकी होतात. अॅक्सिलरेटर दिला की वजन मागे जातं. म्हणून ब्रेक एकदम मारायचा नाही, आधी पाय टेकवायचा, वजन पुढे येऊ द्यायचं, मग जोर वाढवायचा. आणि सोडतानाही हळू. वळणाच्या मध्यावर घाबरून एकदम पाय काढला तरी मागचं चाक सुटू शकतं. हे शिकायला पोराने आम्हाला दुसरी गाडी दिली, १९८०च्या दशकातली बीएमडब्ल्यू एम३, मागची चाकं ओढणारी, आमच्या पिकअपसारखी. सारखेपणा एवढाच हं. ट्रॅक्शन कंट्रोल बंद. वळणातून निघताना जरा अधीरपणे अॅक्सिलरेटर दिला की शेपूट फिरून गाडी तोंड उलटं करून उभी. पहिल्या दुपारी आम्ही ट्रॅकच्या दिशेने कमी आणि उलट्या दिशेने जास्त पाहिलं.

पण त्यातून एक कोडं सुटलं. कल्याणहून परत येताना रिकामा पिकअप पावसात घाट चढताना मागून वळवळतो, हे ताई नेहमी सांगायच्या आणि आम्ही म्हणायचो, टायर झिजले असतील. टायर ठीक होते. मागे मालच नाही, चाकांवर दाब नाही, वर ओला चढ आणि पायाखाली जोर. चाक फिरणारच. त्यावर उपाय पायातच आहे. वरचा गिअर, हलका पाय, आणि मागचा भाग ज्या बाजूला सरकला त्याच बाजूला थोडं स्टिअरिंग.

शेवटी त्याने आम्हाला घाट दिला. ट्रेंटो-बोंडोने. इटलीतल्या ट्रेंटो शहरावरून बोंडोने डोंगरावर जाणारा खराखुरा रस्ता. १९२५ पासून तिथे मोटारींची घाट चढायची शर्यत होते. सतरा किलोमीटरहून थोडा जास्त, वळणामागे वळण. तो लागला आणि आमचे डोळे भरून आले, कारण तो अगदी आपल्यासारखा. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, मध्ये दोन गाड्यांचा रस्ता. कोणी हॉर्न देत नाही आणि धबधब्याखाली फोटो काढणारी माणसं नाहीत, एवढाच फरक. मदती सगळ्या बंद. वर पोचायला गाडीवाल्या ताईंना चार दुपारा लागल्या. पोचल्या तेव्हा त्यांच्या घामाचे थेंब स्टिअरिंगवर पडले होते.

आता दुसरी बाजू. गेममध्ये जे शिकलो ते सगळंच्या सगळं रस्त्यावर न्यायचं नाही. शर्यतीत अख्खा रस्ता आपला असतो, वळण आतून कापतात, पलीकडच्या कडेला जातात. माळशेजला असं केलंत तर समोरून येणारी एसटी सांगेल तुम्हाला. शिवाय खुर्चीवर बसून अंगाला काही कळत नाही. पोटात गोळा येत नाही, पाठ सीटला चिकटत नाही. वेग स्वस्त वाटायला लागतो. आमच्यातल्याच एका वहिनीने पिकअप घेऊन गावाबाहेरच्या वळणावर जरा जास्तच हौस केली. गाडी वळली, काही झालं नाही, पण शेजारी बसलेलीने घरी येऊन पाणी मागितलं. वहिनीला आम्ही महिनाभर किल्ली दिली नाही. गेममध्ये चुकलं तर एक बटण दाबून पुन्हा सुरुवात करता येते, ते बटण पिकअपमध्ये नाही, हे तिला नीट ऐकवलं. आणि गिअरचा दांडा, अर्ध्या क्लचवर चढावर गाडी धरणं, हे सगळं पिकअपमध्येच शिकावं लागलं. त्या स्टिअरिंगला गिअरसाठी मागे दोन पट्ट्या असतात, बोटाने ओढायच्या. त्याचा आपल्याला काय उपयोग?

म्हणून पुढचा भाग मैदानावर. एसटीतून निवृत्त झालेले एक काका आमच्या वाडीत राहतात. त्यांना बोलवायला गेलो तर आधी म्हणाले, "टीव्हीवर गाडी शिकून आलात होय? मग आता टीव्हीवरच भाजी विका." पण आले. बाजाराचं मैदान आडवारी मोकळं असतं. रिकाम्या क्रेट मांडल्या, पाणी मारून जमीन ओली केली. तीसचा वेग, क्रेटपाशी ब्रेक, चाक जाम, पाय हलका, क्रेट चुकवून पलीकडे. ताईंनी पहिल्या फेरीत दोन क्रेट उडवल्या, तिसऱ्या फेरीत एकही नाही. काका पानाची पिचकारी टाकून म्हणाले, "हे तुला कोणी शिकवलं?" ताई म्हणाल्या, "टीव्हीने."

काकांनी आम्हाला त्या गेममध्ये नसलेलं एक शिकवलं, कारण गेममधला घाट चढायचा आणि आमचा भरल्या गाडीने उतरायचा. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडून देतात, ते कधी करायचं नाही. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक ऐनवेळी धरत नाहीत. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं, आणि आपला ब्रेक गरजेपुरता थंड राहतो. आणि अंतर. साठच्या वेगाला गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर जाते. म्हणजे आपल्याला "अगंबाई" म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तीन-चार गाड्यांची लांबी संपली, ब्रेक अजून दाबायचाच आहे. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यानंतर थांबायला लागणारं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. ओल्या रस्त्यावर आणखी जास्त.

दोन महिन्यांनी बैठक झाली. पगारी ड्रायव्हरचा विषय वहीत लिहिलेला होता. अध्यक्षांनी वाचला. कोणी हात वर केला नाही. विषय संपला, चहा आला. ज्यांनी आधी हात वर केले होते त्यांनी ताईंची माफी वगैरे मागितली का? नाही मागितली. आमच्यात तशी पद्धत नाही. पण पुढच्या शनिवारी शेजारच्या सीटवर कोण बसणार यावरून त्या पाच जणींतच भांडण झालं.

यंदाच्या जुलैमध्ये माळशेजला धुकं एवढं की बॉनेट दिसेना. ताई दुसऱ्या गिअरमध्ये, दिवे खाली करून, हळू उतरत होत्या. एका वळणानंतर अचानक समोर टेम्पो उभा, बंद पडलेला, मागचे दिवे नाहीत. शेजारी बसलेली आमच्यातली एकजण सांगते, ब्रेक लागला, क्रेट पुढे सरकल्या, आणि मग का कोण जाणे गाडी क्षणभर मोकळी झाल्यासारखी वाटली. उजवीकडे वळली, टेम्पोच्या पलीकडे जाऊन थांबली. समोरून कोणी येत नव्हतं हे नशीब, तेही सांगायला हवं. ताईंनी गाडी कडेला घेतली, धोक्याचे दिवे लावले. खाली उतरून वळणाच्या मागे दगड आणि झाडाची फांदी ठेवून आल्या, मागून येणाऱ्यांसाठी. मग पाच मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या आणि पुढे निघाल्या. कल्याणला पोचायला उशीर झाला म्हणून एका सोसायटीतल्या बाईंनी कुरकुर केली, कोथिंबीर सुकलीय म्हणाल्या. ती सुकली नव्हती.

पिकअपचे आता सात हप्ते राहिलेत. आणखी दोघींनी शिकाऊ परवाना काढलाय, त्यातल्या एक म्हणजे काकू. पोराला मध्ये पुण्याला नोकरी लागली, पण जाताना स्टिअरिंग आणि कॉम्प्युटर आमच्या गटाच्या खोलीत ठेवून गेलाय. सचिवबाई म्हणतात, आता घर अगदी शांत वाटतं, करमत नाही. दर गुरुवारी दुपारी दोन ते चार खोली उघडी असते. कोणाला यायचं असेल त्यांनी या. चष्मा असेल तर तो आणा, आणि चपला बाहेर काढा.